वेष्टनावर नाव कोणाचं?

गाण्यांच्या संचाला ‘अल्बम’ का म्हणतात? जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-चार मिनिटांचंच गाणं मावायचं. म्हणून तीन-चार तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या पुठ्ठ्यात बांधून विकत. पुठ्ठा साधा, वर फक्त नाव. १९४० साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीतल्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुणाने त्यावर चित्र आणलं. पहिल्याच चित्रात नाटकगृहाची दिव्यांनी लखलखणारी पाटी होती. खर्च वाढेल म्हणून कंपनी आधी कां-कूं करत होती. पण खप वाढला आणि रंगीत वेष्टनाची पद्धतच पडली.

आपल्याकडची गोष्ट नावाची आहे. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटात लता मंगेशकरांनी गायलेलं गाणं खूप गाजलं. तबकडीवर मात्र गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं. ते तर मधुबालाच्या भूमिकेचं नाव! श्रोते रेडिओकडे विचारणा करू लागले, गातंय कोण? शेवटी कंपनीकडून खरं नाव मिळवून रेडिओने ते जाहीर केलं.

चित्राने माल नजरेत भरतो, नावाने कष्टाला ओळख मिळते. आमच्या गटांचे पापड-मसाले व्यापारी घाऊक नेतो आणि स्वतःच्या नावाच्या पुडीत भरतो. खाणाऱ्याला आम्ही ठाऊकच नाही. तेव्हा दर ठरवताना आपण सगळ्यांनी एक अट घालूया : पुडीवर गटाचं आणि गावाचं नाव छापलं गेलंच पाहिजे.