जयपूरचा वारसासंघर्ष : १७०८ चा करार, १७४८ ची वाटणी आणि १७५१ चा रक्तपात

जयपूर : दोन भावांमध्ये राज्याची वाटणी करून घडवून आणलेला समेट अवघ्या अडीच वर्षांत मोडला आणि त्याची परिणती एका राजाच्या आत्महत्येत व हजारो मराठ्यांच्या कत्तलीत झाली, अशी नोंद जयपूरच्या इतिहासात आहे. अठराव्या शतकाच्या मध्यात घडलेल्या या प्रकरणाने राजपूत आणि मराठे यांच्या संबंधांना कायमची तडा दिली.

कराराचे मूळ

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर बादशाह बहादूरशाहाने आमेर ताब्यात घेतले. तेव्हा आमेरचे सवाई जयसिंह आणि मारवाडचे अजितसिंह १७०८ मध्ये उदयपूरला महाराणा अमरसिंह (दुसरे) यांच्या आश्रयास गेले. तेथे झालेल्या समझोत्यात जयसिंहांचा विवाह महाराणांची कन्या चंद्रकुंवर यांच्याशी ठरला. या राजकन्येस पुत्र झाल्यास तो वयाने धाकटा असला तरी गादीचा वारस ठरेल, अशी अट त्यात होती. ज्येष्ठ पुत्राच्या वारसाहक्काच्या रूढीला ही अट छेद देणारी होती. संकटकाळी ती मान्य झाली, तरी तिची अंमलबजावणी कोणी व कशी करावयाची, हे अनिर्णित राहिले.

ईश्वरीसिंह हे जयसिंहांचे ज्येष्ठ पुत्र. मेवाडच्या राजकन्येचे पुत्र माधोसिंह यांचा जन्म १७२८ चा. पुढील वर्षी मेवाडकडून माधोसिंहांना रामपुऱ्याचा परगणा देण्यात आला. धाकट्याला स्वतंत्र जहागीर मिळाली म्हणजे गादीचा प्रश्न मिटेल, हा त्यामागील विचार फलद्रूप झाला नाही. १७४३ मध्ये जयसिंहांचे निधन होताच ईश्वरीसिंह गादीवर आले आणि माधोसिंहांचे मामेभाऊ महाराणा जगतसिंह (दुसरे) यांनी १७०८ च्या अटीचा आग्रह धरला.

मराठ्यांचा प्रवेश

दोन्ही पक्षांनी मराठ्यांची मदत मागितली. मल्हारराव होळकर माधोसिंहांच्या बाजूने उभे राहिले, तर शिंद्यांचा कल ईश्वरीसिंहांकडे होता. मार्च १७४७ मध्ये राजमहालच्या लढाईत ईश्वरीसिंहांनी मेवाड, कोटा, बुंदी आणि होळकरांची कुमक यांचा पराभव केला. या विजयाचे स्मारक म्हणून उभारलेला 'ईसरलाट' हा सातमजली मनोरा जयपूरच्या त्रिपोलिया परिसरात आजही उभा आहे.

यानंतर पेशवे बाळाजी बाजीराव यांनी भूमिका बदलली. १७४८ च्या उत्तर स्वारीत त्यांनी भावाला काही परगणे देण्यास ईश्वरीसिंहांना राजी केले. मात्र हे वचन पाळले गेले नाही. ऑगस्ट १७४८ मध्ये बगरू येथे पुन्हा युद्ध झाले. भरतपूरचे सूरजमल जाट ईश्वरीसिंहांच्या बाजूने लढले, तरीही त्यांना तह करावा लागला. माधोसिंहांना पाच परगणे, उमेदसिंहांना बुंदीचे राज्य आणि मराठ्यांना मोठी खंडणी, अशा तहाच्या अटी होत्या.

समेट का मोडला?

वाटणीने दोघांपैकी एकाचेही समाधान झाले नाही. ईश्वरीसिंहांना ती अपमानास्पद वाटत होती, तर माधोसिंहांना संपूर्ण राज्य हवे होते. खंडणीचा बोजा खजिन्याला पेलवणारा नव्हता. मराठ्यांशी वाटाघाटी करणारे मंत्री केशवदास खत्री यांना ईश्वरीसिंहांनी संशयावरून विष देवविले. त्यामुळे होळकर दुखावले आणि तडजोडीचा उरलासुरला दुवाही नाहीसा झाला. थकलेल्या खंडणीसाठी डिसेंबर १७५० मध्ये होळकरांची फौज जयपूरच्या वेशीवर आली, तेव्हा ईश्वरीसिंहांनी विषप्रयोगाने जीवन संपविले.

माधोसिंह गादीवर आले. परंतु ज्यांच्या बळावर ते आले, त्यांच्याच मागण्या आता त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. जानेवारी १७५१ च्या प्रारंभी जयाप्पा शिंदे येऊन पोहोचले आणि राज्याचा मोठा हिस्सा मागण्यात आला. १० जानेवारी १७५१ रोजी मंदिरे व नगर पाहण्यासाठी मोठ्या संख्येने मराठे शहरात आले असता वेशी बंद करून त्यांच्यावर हल्ला चढविण्यात आला. मृतांची संख्या तीन हजारांच्या आसपास असावी, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मृतांत सरदारांबरोबरच ब्राह्मण, स्त्रिया आणि मुलेही होती. माधोसिंहांनी दिलगिरी व्यक्त करून नुकसानभरपाई देऊ केली. त्याच सुमारास वजीर सफदरजंगाने पठाणांविरुद्ध मदतीसाठी बोलाविल्याने शिंदे-होळकर दोआबाकडे निघून गेले.

परिणाम

या घटनेनंतर परस्परविश्वास पूर्ववत झाला नाही. १७६१ मध्ये पानिपतच्या रणांगणावर जयपूरसह प्रमुख राजपूत राज्ये मराठ्यांच्या मदतीस आली नाहीत. या तटस्थतेची अनेक कारणे सांगितली जातात. वारसायुद्धातील हस्तक्षेप आणि खंडणीची वसुली ही त्यांतील प्रमुख होत.

सत्तावाटपाच्या आधुनिक करारांच्या अभ्यासातही असेच प्रश्न पुढे येतात. ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्या हमीवर उभी असलेली सायप्रसची १९६० ची राज्यघटना तीन वर्षांत कोलमडली. उत्तर आयर्लंडमधील संयुक्त मंत्रिमंडळ १९७४ मध्ये काही महिन्यांतच गडगडले. जयपूरमध्ये हमीदारच खंडणीचे धनको होते. समेट टिकण्यापेक्षा थकबाकी वसूल होण्यात त्यांचे हित अधिक होते. शिवाय हमीदारांमध्येही एकवाक्यता नव्हती.

माधोसिंहांनी पुढे सवाई माधोपूर वसविले आणि १७६८ पर्यंत राज्य केले. जयपूरच्या राजांच्या छत्र्या गैटोर येथे आहेत. ईश्वरीसिंहांची छत्री मात्र तेथे नसून राजवाड्याच्या परिसरात वेगळी उभी आहे.