गोटी सोड्याच्या बाटलीचा रंग

मुंबईच्या चोरबाजारात जुन्या बाटल्या बघणारा माणूस आधी रंगाला भुलतो. गोटी सोड्याची बाटली घ्या. हिराम कॉड या इंग्रजाने 1872 साली तिचं पेटंट घेतलं. गॅसच्या दाबाने गोटी गळ्यातल्या रबराला चिकटते, बूच लागत नाही. आपल्याकडे या बाटल्या अजून वापरात आहेत, म्हणून नुसत्या आकारावरून वय ठरत नाही.

तिचा फिकट हिरवट-निळा रंग कुणी मुद्दाम दिलेला नाही, तो वाळूतल्या लोहाचा. तो घालवायला काही काचांत मँगेनीज टाकत. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की हलकी जांभळी होते. हल्ली किरणोत्सर्गाने तीच काच झटपट गडद जांभळी करतात. अशी बाटली मी तरी घेणार नाही. कोबाल्टची निळी खरोखर दुर्मीळ, म्हणून महाग. नकलाही तिच्याच.

मग तोंडावर बोट फिरवावं, टवका कळतो. गोटीसाठी पोरांनी इतक्या बाटल्या फोडल्या की अख्खी मिळणंच नवल! चकाकी आणायला जास्त घासली, तर उठावाची अक्षरं बोथट होतात. त्या अक्षरांत कारखान्याचं, गावाचं नाव असतं. व्यापारी काहीही म्हणोत, नाव पुसलेल्या चकचकीत बाटलीपेक्षा नाव शाबूत असलेली मळकी बाटली मोलाची.