खानदेशची भूमी किती झिजली?

धुळ्याहून साक्रीकडे जाताना माळावर काळ्या दगडांच्या लांबच लांब भिंती दिसतात. त्या कोणा राजाने बांधलेल्या नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, ज्वालामुखींच्या काळात, तप्त शिलारस भेगांत शिरून तेथेच थिजला. पुढे भोवतालचा खडक झिजला आणि कठीण भिंत तेवढी उरली. म्हणजे भिंतीची उंची ही झिजेची किमान मोजपट्टीच होय. तिचे वय, खडकातील पोटॅशियमचा आरगॉन वायू किती झाला, यावरून काढतात. भिंत ६५ मीटर उंच धरली, तर दहा लक्ष वर्षांत निदान एक मीटर झीज, असा हिशेब निघतो.

अलीकडच्या मातीला हे घड्याळ उपयोगी नाही. तेथे किरणोत्सारी कार्बन. त्याचे प्रमाण ५,७३० वर्षांत निम्मे होते. चाळीसगावजवळ पाटणे येथे एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली (होय, खानदेशात शहामृग!). त्यांचे वय सुमारे २५,००० वर्षे ठरले. त्या थरावरचा गाळ त्यानंतरचा. त्याच्या जाडीला वर्षांनी भागले की साचण्याचा वेग कळतो.

मात्र सरासरी फसवी असते, असे आम्हांस वाटते. ऑगस्ट १९६८ सारखा तापीचा महापूर चार दिवसांत जे खणून नेतो, ते तिच्यात दिसत नाही. तापीकाठी घळींनी पोखरलेल्या शेताच्या धन्याला यंदाच्या पावसाळ्याचा वेग हवा असतो. तो काठापासून ठरावीक अंतरावर खुंटी ठोकून, दरवर्षी दोरीने मोजूनच कळतो.