दगडाचं अस्वल उलटं करून बघा

टोरांटोला लेकीकडे किंवा भावाकडे जाऊन आलेल्या माणसाच्या बॅगेत काय निघणार हे साधारण ठरलेलं असतं. मेपल सिरपची बाटली, फ्रिजवर लावायला नायगाऱ्याचा मॅग्नेट, लाल पानाची टोपी. आणि 'जरा वेगळं, खास तिथलं काहीतरी' म्हणून कधी कधी एक काळ्या-हिरव्या दगडाचं अस्वल. तळहातावर मावेल एवढंच, पण हातात घेतलं की जड. किंमत डॉलरमधून रुपयांत केली की दुकानातच छातीत धस्स होतं, आणि मग तो प्रश्न विचारला जातो: "हे ओरिजिनल आहे ना?"

प्रवासात लोक काय विकत घेतात आणि का, हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापर्यंत व्हॉट्सॅपवरून पोचतो, दुकानातून, फोटोसकट. मी सगळ्यांना एकच उत्तर पाठवते: आधी ते अस्वल उलटं करा आणि तळाचा फोटो पाठवा.

तळाशी काय असतं ते पुढे सांगते. आधी 'ओरिजिनल' या शब्दाकडे बघू, कारण खरी गोची तिथेच आहे.

ही अस्वलं करणारे लोक म्हणजे कॅनडाच्या उत्तरेचे इनुइट. (जुन्या पुस्तकांत 'एस्किमो' म्हणत, आता तो शब्द वापरत नाहीत, त्यांनाही तो नको आहे.) कोरीवकाम त्यांच्याकडे फार जुनं आहे, हजारो वर्षांचं. पण ते काम बहुतेक वॉलरसच्या सुळ्यात, हाडात किंवा शिंगात केलेलं आणि अगदी लहान असायचं. कारण साधं आहे. शिकारीमागे मुक्काम हलवणारा माणूस सामान किती वाहणार? ताईत, खेळणं, सुईचं घर, असल्या वस्तू. यातल्या कितीतरी वस्तू उभ्या राहतच नाहीत, त्यांना बैठकच नसते. त्या हातात फिरवून बघायच्या. टेबलच नाही तर टेबलावर उभं राहणारं अस्वल कशाला हवं?

दगड त्यांच्या घरात होता, पण वेगळ्या कामाला. मऊ दगड कोरून त्याची भांडी करत आणि 'कुल्लिक' नावाचा उथळ, अर्धचंद्रासारखा दिवा करत. त्यात सीलच्या चरबीचं तेल घालायचं आणि काठावर वात पसरायची. उजेड, ऊब, स्वयंपाक, ओले कपडे वाळवणं, सगळं त्या एका दिव्यावर. ज्योत सांभाळायचं काम घरातल्या बाईचं. आपल्या भाषेत सांगायचं तर समई, चूल आणि शेगडी एकाच दगडात. थोडक्यात, आज शोकेसमध्ये अस्वल होऊन बसलेला दगड मुळात स्वयंपाकघरातला आहे.

मग तो शोकेसमध्ये आला कसा? याला बऱ्यापैकी नेमकी तारीख आहे.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत इनुइट कुटुंबांची रोख मिळकत मुख्यतः पांढऱ्या कोल्ह्याच्या कातड्यावर चालायची. कातडं हडसन्स बे कंपनीच्या ठाण्यावर द्यायचं, बदल्यात बंदूक, काडतुसं, पीठ, चहा घ्यायचा, आणि बहुतेक वेळा खात्यावर थोडी उधारी ठेवून परतायचं. १९४० च्या दशकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेतली फरची फॅशन बदलली आणि कातड्याचा भाव कोसळला. पॅरिस-न्यूयॉर्कमधल्या बायकांनी कोट बदलले आणि हडसनच्या उपसागरावरच्या घरांत उपासमारीची पाळी आली. त्याच सुमारास, १९४८ मध्ये, जेम्स ह्यूस्टन नावाचा एक तरुण चित्रकार एका डॉक्टरच्या विमानात जागा मिळवून इनुकजुआक या वस्तीत उतरला. तिथल्या लोकांची रेखाचित्रं त्याने काढली, आणि त्यांनी त्याला लहान लहान कोरीव प्राणी दिले. त्या वस्तू घेऊन तो माँट्रियलच्या हस्तकला संस्थेकडे गेला. संस्थेने पैसे दिले, पुढच्या वर्षी त्याला परत पाठवलं. त्याने साधारण हजारभर वस्तू विकत आणल्या. नोव्हेंबर १९४९ मध्ये माँट्रियलला त्यांची विक्री लागली आणि तीन दिवसांत सगळा माल संपला.

इथून पुढचं फार मनोरंजक आहे, आणि थोडं अस्वस्थ करणारंही. शहरातल्या गिऱ्हाइकाला काय हवंय हे उत्तरेला कळवायला हवं होतं. १९५१ मध्ये ह्यूस्टनच्या चित्रांची एक पुस्तिका सरकारच्या मदतीने छापून वस्त्यांमध्ये वाटली गेली. मजकूर इंग्रजीत आणि इनुक्टिटुटच्या लिपीत. कोणत्या वस्तू केल्या तर विकल्या जातील याचे नमुने त्यात होते. सील, अस्वलं होतीच, पण पत्त्यांच्या खेळात गुण मोजायची खुंट्यांची पाटी वगैरे गोऱ्यांच्या दिवाणखान्यातल्या वस्तूही होत्या. म्हणजे खास उत्तर ध्रुवाकडची कला कशी दिसावी याचं मार्गदर्शन दक्षिणेकडून जात होतं! पुस्तिकेवर पुढे बरीच टीका झाली. पण मागणीने आपलं काम केलंच: वस्तू मोठ्या झाल्या, दगडाच्या झाल्या, त्यांना बैठक आली. आई आणि मूल, शिकारी, अस्वल हे विषय ठरून गेले.

तेव्हा "हे ओरिजिनल आहे ना?" म्हणजे "बाहेरच्या गिऱ्हाइकाचा विचार न करता, पूर्वापार असंच करत आले आहेत ना?" असं विचारायचं असेल, तर उत्तर सरळ 'नाही' असं आहे. हा प्रकार तुमच्याआमच्यासाठीच, विकण्यासाठी वाढला.

पण म्हणून ते खोटं ठरतं का? मला तसं वाटत नाही. आपल्याकडच्या वारलीचं उदाहरण घ्या. लग्नाच्या चौकाची चित्रं घरातल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, सुवासिनी काढायच्या. लग्न झालं की चित्राचं काम संपलं. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी पाड्यावर कागद आणि रंग नेले आणि जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या पुरुषाच्या हातून ही चित्रं दिल्ली-मुंबईच्या, पुढे परदेशातल्या दालनांत गेली. भिंत गेली, कागद आला. बायकांचं काम पुरुषांकडे आलं. विधी गेला, सही आली. यात काय गमावलं याची यादी जरूर करावी, पण मशे यांचं चित्र बनावट आहे असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. इनुइट शिल्पांचंही तेच. ओसुइतोक इपीलीचं एखादं काम बघा: जाड, अवजड प्राणी जेमतेम टेकलेल्या पायांवर असा तोललेला असतो की आपण श्वास रोखतो. ह्यूस्टनच्या पुस्तिकेत हे नव्हतं, आणि ते कोणी पत्राने कळवूही शकलं नसतं.

आता तळाकडे येऊ.

१९५० किंवा ६० च्या दशकातलं शिल्प उलटं केलं तर बऱ्याचदा तळाशी नावाऐवजी कोरलेला नंबर सापडतो. सुरुवातीला 'ई' हे इंग्रजी अक्षर, मग एक आकडा, आडवी रेघ आणि पुढे आणखी आकडे. माझ्या एका नात्यातल्या काकांना तो मालाचा नंबर वाटला होता. दुकानदारांचा तसला काहीतरी कोड असेल, असं ते म्हणाले. तो मालाचा नंबर नाही, माणसाचा आहे.

झालं होतं असं. इनुइट लोकांत आडनाव नसे. एकच नाव, तेही गेलेल्या माणसाचं ठेवलेलं, आणि नावाबरोबर त्या माणसाशी असलेलं नातंही बाळाकडे येई. सरकारी वहीत हे बसेना. बाप आणि मुलगा यांचं नाव जुळत नाही, उच्चार जमत नाही, स्पेलिंग दर वेळी वेगळं. म्हणून १९४१ पासून प्रत्येक माणसाला एक छोटी चकती देण्यात आली. गळ्यात घालायची किंवा कपड्याला शिवायची. एका बाजूला राजमुकुट, दुसऱ्या बाजूला नंबर. पूर्वेकडच्यांना 'ई', पश्चिमेकडच्यांना 'डब्ल्यू'. दवाखाना, भत्ता, दुकानातलं खातं, सगळीकडे तोच. एखाद्याने महिनाभर घासून अस्वल पुरं केलं की तळाशी तो हाच नंबर कोरायचा, कारण पैसे त्याच नंबरच्या खात्यावर जमा व्हायचे. आडनावं घ्यायची मोहीम १९६८ ते १९७१ या काळात झाली. एब ऑकपिक नावाच्या इनुइट माणसाने त्यासाठी वस्तीवस्तीत फिरून घरोघरी विचारून नावं लिहून घेतली. त्यानंतर चकत्या हळूहळू गेल्या. (गंमत म्हणजे काही जुन्या लोकांना आपला नंबर अजून तोंडपाठ असतो आणि काहींना त्याचा जिव्हाळाही वाटतो. इतिहास हा असा, आपल्या सोयीचा वागत नाही.)

'ई-९' ने सुरू होणारा नंबर दिसला की मी जरा थांबते. हा हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्याचा गट. इनुकजुआक त्यातच येतं.

१९५३ मध्ये लंडनच्या गिम्पेल फिस या दालनात इनुइट शिल्पांचं प्रदर्शन भरलं. राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाचं वर्ष, शहर पाहुण्यांनी भरलेलं; शिल्पांचं कौतुक झालं. त्याच १९५३ च्या उन्हाळ्यात सरकारने इनुकजुआकमधल्या काही कुटुंबांना जहाजात बसवून सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला नेलं. तिथे शिकार भरपूर आहे, सरकारी मदतीवर जगावं लागणार नाही, नाही आवडलं तर दोन वर्षांत परत आणू, असं सांगितलं होतं. वाटेत, जहाजावर, त्यांना कळलं की सगळे एका ठिकाणी उतरणार नाहीत. काही ग्रीस फिओर्डला, काही रेझोल्यूटला. नातेवाईक तिथेच वेगळे झाले. १९५५ मध्ये आणखी कुटुंबं नेली, मिळून नव्वदच्या आसपास माणसं. हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य न उगवणारी जागा, प्राणी अनोळखी, पहिला हिवाळा तंबूत. हे सगळं त्यांच्या भल्यासाठी होतं की निर्मनुष्य उत्तरेवर कॅनडाचा हक्क दाखवायला माणसं हवी होती, यावर पुढे खूप वाद झाला. दोन वर्षांत परत आणायचं वचन मात्र पाळलं गेलं नाही. जे परतले त्यांतल्या बहुतेकांना १९८० च्या दशकाची अखेर उजाडली.

एकाच वस्तीचे दगड लंडनला आणि माणसं उत्तरेला. माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण या एका वर्षावर अडलं आहे. गिऱ्हाईक तेव्हाही विचारत होतंच: हे ओरिजिनल आहे ना?

नकली माल तेव्हापासूनच आला. साच्यात ओतलेली, दगडाच्या भुकटीची किंवा राळेची अस्वलं. म्हणून १९५८ मध्ये सरकारने इग्लूचं चित्र असलेली एक चिठ्ठी सुरू केली: ही ज्या वस्तूला लावलेली असेल ती इनुइट माणसाने हाताने केलेली. इग्लू टॅग म्हणतात तिला. पुढच्याच वर्षी केप डॉर्सेटच्या (आताचं किन्गाइट) लोकांनी सहकारी संस्था काढली. ह्यूस्टन मधल्या काळात जपानला जाऊन लाकडी ठशांच्या छपाईचं तंत्र शिकून आला होता; किन्गाइटमध्ये ते दगडी ठशांवर उतरलं आणि संस्था दरवर्षी छापचित्रांचा संच काढू लागली. केनोजुआक अशेवाक हिचं १९६० मधलं पिसारा फुलवलेलं घुबड त्यातलंच. क्षयरोगामुळे तिने तीन वर्षं घरापासून दूर क्वेबेकच्या इस्पितळात काढली होती. ते घुबड १९७० मध्ये कॅनडाच्या टपाल तिकिटावर आलं. आणि इग्लू टॅग? कोणती वस्तू खरी हे इनुइटांच्या वतीने सरकार ठरवत होतं, ते २०१७ मध्ये थांबलं. तेव्हापासून टॅग इनुइट आर्ट फाउंडेशनकडे आहे.

तेव्हा दुकानात उभे असाल तर एवढं करा. वस्तू उचला, राळेची हलकी आणि किंचित कोमट लागते, दगड थंडगार आणि जड असतो. शेजारी अगदी तशीच दुसरी चार अस्वलं आहेत का बघा. मग उलटं करा. नाव आहे का, त्रिकोण-कोयत्यांसारखी दिसणारी इनुक्टिटुट लिपी आहे का, वस्तीचं नाव आणि टॅग आहे का? दुकानदाराला करणाऱ्याचं नाव विचारा. चांगला दुकानदार नाव, गाव आणि बहुधा आई-बापही सांगतो. 'नेटिव्ह स्टाइल' असं काही पुटपुटला तर मेपल सिरप घ्या, ते निदान खाता येतं. आणि सुळ्याची किंवा देवमाशाच्या हाडाची वस्तू कितीही आवडली तरी परवान्याची चौकशी केल्याशिवाय पैसे देऊ नका, विमानतळावर अडाल.

ग्रीस फिओर्ड आणि रेझोल्यूटला बहुतेकांचं जाणं होणार नाही. मलाही अजून जमलेलं नाही. कॅनडा सरकारने त्या स्थलांतराबद्दल २०१० मध्ये माफी मागितली आणि त्याच वर्षी दोन्ही ठिकाणी एकेक स्मारक उभं राहिलं, इनुइट शिल्पकारांनीच घडवलेलं. ग्रीस फिओर्डचं लूटी पिजामिनीने केलं, रेझोल्यूटचं सिमियोनी अमागोआलिकने. अमागोआलिक स्वतः त्या स्थलांतरात नेलेल्यांपैकी होता. ग्रीस फिओर्डला एक बाई आहे, शेजारी लहान मुलगा आणि कुत्रा, आणि ती रेझोल्यूटच्या दिशेला बघते आहे. रेझोल्यूटला एकटा पुरुष आहे. तो ग्रीस फिओर्डकडे बघतो.