आठ आण्यांचं कुत्रं

खारीच्या एका कानाचं टोक कापलेलं आहे. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "मारामारीत गेलं का गं?" तर नाही. ती एक प्रकारची पावती आहे. हे कुत्रं एकदा पकडलं, त्याची नसबंदी केली, रेबीजची लस दिली आणि जिथून उचललं तिथेच परत सोडलं, याची खूण. म्हणजे माझ्याकडे यायच्या आधीच खारीचा एक पत्ता होता. परळची एक गल्ली.

त्या गल्लीत तिला टेम्पोने उडवलं. मागचा पाय मोडला. तीन आठवडे ती दवाखान्यात होती आणि मग मी तिला घरी आणलं. फोटो टाकला, 'अडॉप्ट केली' असं लिहिलं, भरपूर बदाम आले. चौथ्या दिवशी ऑफिसला जाताना गल्लीच्या तोंडाशी वडापावची गाडी लावणाऱ्या मावशींनी मला थांबवलं. "आमच्या चिंगीला तू नेलंस का गं पोरी?"

आमच्या. मला काय उत्तर द्यावं ते कळेना. माझ्या हिशेबात ती बेवारस होती. मावशींच्या हिशेबात ती सहा वर्षं त्यांच्या गाडीखाली झोपत होती.

रस्त्यावरचं कुत्रं नक्की कोणाचं, या प्रश्नावरून मुंबईत एकदा दंगल झाली होती. ६ जून १८३२. फोर्ट तेव्हा खरोखरच किल्ला होता, भोवती तटबंदी होती आणि आत इंग्रजांच्या बरोबरीने पारशी व्यापाऱ्यांची दाट वस्ती होती. राज्य ईस्ट इंडिया कंपनीचं. शहरात मोकाट कुत्री फार झाली म्हणून ती वर्षातल्या ठरावीक दिवसांत मारायची, असा नियम आधीपासून होताच. त्या वर्षी मॅजिस्ट्रेटांनी उन्हाळ्यातली मुदत वाढवून जूनच्या मध्यापर्यंत नेली. एका कुत्र्यामागे बक्षीस आठ आणे.

आठ आणे तेव्हा लहान रक्कम नव्हती. मग व्हायचं तेच झालं. मारेकऱ्यांना पिसाळलेलं कुत्रं आणि दारात निजलेलं कुत्रं यांत फरक करायची काही गरज उरली नाही, दोघांचा भाव सारखाच. ते घरांच्या आवारात शिरून कुत्री ओढून नेऊ लागले. त्यात ६ जून हा पारशांचा सणाचा दिवस. शे-दोनशे पारशांच्या जमावाने पोलिसांना चोप दिला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. हा बंद पारशांपुरता राहिला नाही. जैन, हिंदू, मुसलमान, सगळे सामील झाले. लष्कराच्या छावणीकडे जाणारं धान्य-पाणी अडवलं गेलं, एका न्यायाधीशाच्या बग्गीवर घाण फेकली गेली. शेवटी दंग्याचा कायदा वाचून दाखवण्यात आला, सैन्य उतरलं, धरपकड झाली.

कुत्र्यांसाठी एवढं? हा प्रश्न तेव्हाच्या इंग्रजांनाही पडला असणार. पारशी घरात मात्र कुत्रं म्हणजे नुसतं राखणदार नव्हे. जरथुश्ती धर्मग्रंथ वेंदिदादमध्ये कुत्र्यांवर एक अख्खं प्रकरण आहे. माणूस मेला की त्याच्या देहाजवळ कुत्रं आणतात आणि त्याची नजर देहावर पडू देतात. या विधीला 'सगदीद' म्हणतात. सग म्हणजे कुत्रा, दीद म्हणजे नजर. डोळ्यांवर दोन ठिपके असलेलं, म्हणून 'चार डोळ्यांचं' कुत्रं त्यासाठी विशेष मानलं जातं. रोजच्या जेवणातले तीन घास कुत्र्यासाठी बाजूला ठेवायची रीतही होती. ते घास खाणारं कुत्रं घरात बांधलेलं असायलाच हवं असं नव्हतं. ते रस्त्यावरचं असे आणि तरी आपलं असे. इंग्रजांच्या कायद्यात मालक असलेली आणि नसलेली, अशा दोनच जाती होत्या. त्या दोन खणांत न बसणारं कुत्रं आठ आण्यांना गेलं.

(आपणही काही वेगळे नाही म्हणा. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, खंडोबाजवळ कुत्रं, पितृपक्षात कावळ्याबरोबर कुत्र्यालाही घास. आणि 'कुत्र्याच्या मौतीने मरशील' हा शापही आपलाच.)

इंग्रजांची बाजूही समजून घ्यायला हवी. त्यांची भीती खोटी नव्हती. पिसाळलेलं कुत्रं चावणं म्हणजे १८३२ मध्ये मरणच, आणि तेही फार भयंकर. लुई पाश्चरने माणसाला रेबीजची लस पहिल्यांदा टोचली ती १८८५ मध्ये, म्हणजे या दंगलीनंतर त्रेपन्न वर्षांनी. हातात लस नसलेल्या माणसाकडे काठीच उरते. आज आपल्याकडे लस आहे आणि तरीही माणसं रेबीजने मरतात, याचा राग करायचा तर कुत्र्यांवर किती आणि व्यवस्थेवर किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

दंगलीनंतर खटले झाले, शिक्षा झाल्या. दुसरीकडे पारशी शेटियांनी अर्ज-विनंत्या केल्या आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत असा तोडगा निघाला. या मध्यस्थीत पुढे असलेलं एक नाव म्हणजे जमशेटजी जीजीभॉय. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, त्यांनी आणि जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद यांनी मिळून मुंबईचं पांजरापोळ सुरू केलं. आज तिथे मुख्यतः गाई दिसतात, पण त्याच्या जन्माच्या गोष्टीत कुत्रीही आहेत. जमशेटजींचा पैसा मोठ्या प्रमाणात चीनला जाणाऱ्या अफूतून आलेला, हेही इथेच सांगून टाकते. दयेच्या संस्था नेहमी स्वच्छ पैशातून उभ्या राहतात असं नाही. पुढे १८८३ मध्ये दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचं मोठं रुग्णालय उभं राहिलं. बाई साकरबाईंच्या नावाचं हे रुग्णालय अजून चालू आहे.

पण मारणं काही थांबलं नाही. स्वतंत्र भारतातल्या महापालिकासुद्धा अनेक दशकं कुत्री मारतच राहिल्या आणि कुत्री होती तेवढीच राहिली, कारण एक जागा रिकामी झाली की शेजारच्या गल्लीतलं कुत्रं तिथे येतं. मुंबईत १९९० च्या दशकात हे धोरण बदललं. २००१ च्या केंद्रीय नियमांनी मारण्याऐवजी नसबंदी, लस आणि त्याच जागी परत सोडणं हा मार्ग देशभर ठरवून दिला. खारीच्या कानाची खाच ती हीच. आणि २०२३ मध्ये नवे नियम आले, त्यांत एक नवा शब्द होता, 'सामुदायिक प्राणी'. समाजाचा प्राणी. १८३२ ला जो खण कायद्यात नव्हता, तो १९१ वर्षांनी सापडला.

ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आधी दिल्लीतली सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटलं, आणि ११ दिवसांनी तो आदेश बदलला. बदललेल्या आदेशात दत्तक घेण्याचाही उल्लेख आहे. ज्याला कुत्रं घ्यायचं त्याने महापालिकेकडे अर्ज करावा, मात्र ते कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्याची. हे वाचलं तेव्हा मला मावशी आठवल्या.

खारी घरी आली तेव्हा मी तिच्यासाठी मऊ गादी घेतली होती. ती त्या गादीवर पहिले सोळा दिवस बसली नाही. दाराला नाक लावून, फरशीवर झोपायची. झाडू उचलला की कोपऱ्यात जायची. जाळीच्या गाडीसारखा आवाज खालून आला की थरथरायची. मी खूप लाड केले, हे चुकलंच. नंतर कळलं की तिला आधी शांतता हवी होती. रोज एकाच वेळी जेवण, एकच कोपरा, आणि कोणी अंगावर येणार नाही याची खात्री. सतराव्या दिवशी ती गादीवर आली. मी तिकडे पाहिलंही नाही, मुद्दाम.

आता रविवारी सकाळी मी तिला पट्टा लावून त्या गल्लीत नेते. लंगडत का होईना, गल्ली जवळ आली की ती मला ओढते. मावशी पाव कापायचं थांबवून "चिंगे!" म्हणतात आणि तिची शेपटी पट्ट्यासकट सगळी हलते. मग मी "खारी" म्हणते, तेव्हाही ती वळून बघते. मावशी तिच्यापुढे बिनतिखटाचा पाव टाकतात. मला वडापाव देतात, त्याचे पैसे घेतात. तिच्या पावाचे मी देऊ केले, तर म्हणाल्या, "तिचे कसले पैसे?"