नकाशात उरलेले होर्मुझ

जुन्या नकाशांचा संग्रह हा श्रीमंतांचा छंद, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि असा एखादा कागद डोळसपणे न्याहाळला, तर इतिहासग्रंथांतून सहसा न आढळणारी गोष्ट हाती लागते. जॉन स्पीड यांचा आशियाचा नकाशा हे याचे उत्तम उदाहरण होय.

स्पीड मूळचे शिंपी. पुढे ते इंग्लंडचे नामवंत नकाशाकार झाले. त्यांच्या या नकाशावर १६२६ हे साल असून, १६२७ साली लंडनच्या जॉर्ज हंबल यांनी प्रसिद्ध केलेल्या जगाच्या नकाशासंग्रहात तो समाविष्ट झाला. तांब्याच्या पत्र्यावर तो कोरला मात्र आम्स्टरडॅमच्या अब्राहम गोस यांनी. दोन्ही बाजूंस आशियातील लोकांचे पेहराव आणि वरच्या पट्टीत जेरुसलेम, दमास्कस, एडन, मकाव अशा शहरांची चित्रे आहेत. त्यांतच आपले गोवे आहे, आणि होर्मुझही.

येथे जाणकार थबकतो. होर्मुझ हे इराणी आखाताच्या मुखावरील पोर्तुगीज ठाणे. ते गोव्याच्या अमलाखाली असे. १६२२ साली इराणच्या शाह अब्बासच्या सैन्याने इंग्रज कंपनीच्या जहाजांच्या साहाय्याने ते जिंकले. व्यापार समोरच्या किनाऱ्यावर बंदर अब्बासला गेला आणि ते वैभवशाली शहर ओस पडले. याच मोहिमेत केश्मच्या किल्ल्यापुढे विल्यम बॅफिन मारले गेले. सर टॉमस रो यांनी पुरविलेल्या माहितीवरून १६१९ साली मोगल साम्राज्याचा नकाशा काढणारे ते हेच बॅफिन!

ज्या शहराच्या पाडावास इंग्रजांचा हात लागला, तेच चार वर्षांनी इंग्रजी नकाशावर दिमाखात उभे राहिले. १६७६ साली बॅसेट व चिझवेल यांनी तोच पत्रा पुन्हा छापला, तेव्हाही ते तसेच होते. नवा पत्रा कोरणे खर्चाचे; म्हणून प्रकाशक आपले नाव तेवढे बदलीत. संग्राहक आवृत्ती ओळखतो ती याच नावावरून.

आज ही पाने बहुधा ग्रंथ उसवून सुटी विकली जातात. चौकटीत बसवताच पाठीवरचा इंग्रजी मजकूर कायमचा झाकला जातो आणि दस्तऐवजाची शोभेची वस्तू होते. पट्टीतील गोव्याचे चित्र पाहून आपणांस अभिमान वाटेल. शेजारच्या होर्मुझकडे पाहून थोडे सावधही व्हावे. नकाशा भिंतीवर टांगण्यापूर्वी तो एकदा उलटून वाचावा, हे बरे.