रविवार कोणाचा?

मुंबईत रविवारची सुट्टी आपोआप आलेली नाही. गिरणीकामगारांना आठवड्यातून एक दिवस विश्रांती मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा घेतल्या, अर्ज केले आणि अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. या शहराच्या करमणुकीचा शोध मी या तारखेपासून सुरू करतो. हातात मोकळा दिवस नसेल तर करमणूक कसली? पण करमणूक करणाऱ्यांचा रविवार कुठे गेला, हा प्रश्न मला उशिरा पडला. त्याचे मूळ माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या एका शनिवार-रविवारात आहे.

त्या शनिवारी एक मित्र मला धोबीतलावच्या रंगभवनात जॅझ ऐकायला घेऊन गेला. निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली ‘जॅझ यात्रा’ सुरू केली होती. पहिल्याच यात्रेत सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक येऊन गेला होता. वर उघडे आकाश, समोर अनोळखी संगीत. शेजारी बसलेले एक पिकल्या केसांचे गोवेकर गृहस्थ गुडघ्यावर बोटांनी ट्रम्पेटच्या कळा दाबत होते. उद्या टीव्हीवर मॅच बघणार का, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, “फाल्यां म्हजीं दोन लग्नां, पुता.” आम्ही हसलो. मग लक्षात आले, त्यांना दोन लग्नांत वाजवायचे होते.

त्यांच्यामागे मोठा इतिहास होता. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय वादकांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्डनेही तिथे बँड चालवला. त्यांच्याबरोबरीने उभे राहिले ते गोव्याचे वादक. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत, त्यामुळे कागदावरचे संगीत त्यांना वाचता येई. मुंबईत ते आपापल्या गावाच्या ‘कुडां’त, म्हणजे सामाईक बिऱ्हाडांत राहत. त्यांतल्या अनेक कुडी धोबीतलावच्याच आसपास होत्या.

स्वातंत्र्यानंतर दारूबंदी आली, नाचगाण्याच्या जागांना उतरती कळा लागली आणि यांतले बरेच वादक सिनेमाच्या वाद्यवृंदाकडे वळले. हळदोण्याचे अंतोनियो शावियर वाझ, म्हणजेच ‘चिक चॉकलेट’, हे सी. रामचंद्र यांचे सहायक झाले. ‘अलबेला’त (१९५१) त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशनसाठी वाद्यमेळाची रचना केली. ही झाली ठाऊक असलेली नावे. बाकीचे दिवसाच्या बिदागीवर आले, वाजवून गेले.

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तरी आमच्या चाळीत टीव्ही एकाच घरी होता. त्या रविवारी मॅच बघायला त्या खोलीत तीसेक माणसे होती. मुले पुढे जमिनीवर, बायका दारात. मॅच संपली तरी कोणी उठले नाही, कारण संध्याकाळी हिंदी सिनेमा होता. एका गाण्यात ट्रम्पेट वाजला आणि मला शनिवारची ती बोटे आठवली. श्रेयनामावलीत संगीतकार होते, गीतकार होते, गायक होते. ट्रम्पेट वाजवणारा नव्हता.

म्हणजे आमच्या खोलीतला तो रविवार कोणीतरी आधीच्या कुठल्यातरी दिवशी वाजवून ठेवला होता. लोखंड्यांनी मिळवलेली सुट्टी गिरणीच्या भोंग्यापुरती होती. लग्नाच्या मांडवात रविवारीच कामाचा दिवस उजाडे.

रंगभवन आता गप्प आहे. शेजारी रुग्णालये आणि कॉलेज असल्याने तो शांतता विभाग ठरला आणि मोकळ्यावरच्या मैफली थांबल्या. शोध घेताना मी तबकड्यांची वेष्टने चाळतो, जुन्या वादकांच्या घरी जातो. त्या गृहस्थांचा उल्लेखही या लेखात नावानिशी करायला हवा होता. पण त्या रात्री मी त्यांना मॅचबद्दल विचारले. नाव विचारायचे राहून गेले.